हिरड्याचं पाणी

विद्यापीठात माझ्या दोन इमारती आहेत.
सकाळी रसायन, दुपारी सूक्ष्मजीव.
मधल्या रस्त्यावर मोर फिरतात
आणि एक सिमेंटचा बाक आहे,
तिथं मी डबा खाते
आणि भाषा बदलते.

मगदूम सरांचं शुद्ध म्हणजे
एकच रेणू, बाकी काहीही नाही.
शिरगुप्पे मॅडमचं शुद्ध म्हणजे
एकाच पेशीची सगळी लेकरं,
तबकडीवर एकटी वाढलेली.
दोन्ही व्याख्या मी वहीत उतरवल्या.
तिसरी मला सहावीपासून पाठ आहे:
डबा उघडला तेव्हा
शेजारची मुलगी बाकावर जितकी सरकली,
तितकं अंतर.
ती वहीत नाही.

जवाहरनगरात आमच्या घरामागं
कातड्याच्या शिवलेल्या पिशव्या टांगलेल्या असतात,
पोटात बाभळीची साल, हिरड्याचा चुरा, पाणी.
खाली गळतं ते अण्णा पुन्हा वर ओततात.
मोजत काहीच नाहीत.
बोटावर थेंब, थेंब जिभेवर, मग थुंकी:
"अजून दोन दिस."
सरांनी पहिल्याच मुलाखतीत विचारलं होतं,
त्या पाण्याचा सामू किती?
मी म्हणाले, तोंड आवळेपर्यंत.
सर हसले.
मग हसायचे थांबून त्यांनी ते लिहून घेतलं.

हौदाच्या कडेला काळी बुरशी येते.
अण्णा ती काठीनं काढून उकिरड्यावर टाकतात.
"चोर हाय ती. हिरडा खाती."
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून
मी तिला केएमटीनं विद्यापीठात आणलं.
पुढच्या सीटवरच्या बाईंनी नाकाला पदर लावला.
बाटली बघून नाही,
बाटली तर पिशवीत होती.

पहिल्या महिन्यात फ्लास्क ॲसिटोननं धुतला.
सर म्हणाले, शाबास.
आठवडाभर काही उगवलं नाही.
मॅडमनी काच उजेडात धरली:
"भांडं स्वच्छ आहे गं,
पण राहणार कोण इथं?"
मग मॅडमच्या पद्धतीनं सगळं वाफेत उकळलं,
हिरड्याचा अर्क चहासारखा काळा झाला
आणि सरांनी डोक्याला हात लावला.

मुजावर मामा दोन्हीकडच्या चाव्या सांभाळतात.
रात्री आठला दार लावताना म्हणाले,
"तू नक्की कुणाची पोरगी, ह्यांची का त्यांची?"
दोघांची, मामा.
"मग जेवून जा. दोन घरचा पावना उपाशी."

सर विचारतात, कुठला बंध तुटला?
मॅडम विचारतात, तुटल्यावर कोण जगलं?
दर शुक्रवारी मी दोघांच्या मध्ये उभी असते.
सरांच्या बाजूला आलेख,
मॅडमच्या बाजूला तबकडी,
आणि दोघं माझ्याकडं असं बघतात
की दुसऱ्याचं बोलणं
मीच सोपं करून सांगावं.
कधीकधी सांगते.
कधीकधी मलाच कळलेलं नसतं.

मार्चमध्ये एकदाची ती उगवली.
काळ्या ठिपक्याभोवती पांढरट कडं:
तिथला टॅनिन तिनं कापून खाल्लेला,
मागं गॅलिक आम्ल ठेवलेलं,
जेवून ताट घासून ठेवावं तसं.
तबकडी सीलबंद करून घरी नेली.
नियमात बसत नाही. नेली.

अण्णांनी ती दिव्याखाली फिरवली.
"हिला पाळलीस व्हय?
तीस वर्सं हाकलत आलोय मी."
रागावले नव्हते.
पुन्हा एकदा फिरवली,
मग विचारलं, हिला दुसरं काय घालता खायाला?
साखर, मी म्हणाले, थोडी.
"थोडीच घाल. माजंल."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला हौदापाशी बोलावलं.
मी खिशातून सामूची पट्टी काढली,
बुडवली, रंग जुळवला,
चार, म्हणाले, साडेचारच्या आत.
"ते ऱ्हाऊ दे. चाख."

चाखलं.
जीभ आक्रसली, गालाच्या आतून साल सोलल्यासारखं झालं,
आणि मला माझ्याच तोंडातली प्रथिनं
एकमेकांना धरून गोळा होताना दिसली,
सकाळच्या इमारतीतली आणि दुपारच्या इमारतीतली
एकाच वेळी.

दोन दिवस, मी म्हणाले.

अण्णांनी थुंकून तोंड पुसलं.
"तीन."